तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीनवर दिसणारा फोटो कागदावर का येत नाही?

"ताई, स्क्रीनवर फोटो अगदी व्यवस्थित दिसतोय, पण प्रिंट काढली की येतच नाही. काय करू?"

साताऱ्यात डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर मांडायचं, काम करायला लागून मला २१ वर्षं झाली आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे कधी ओळखीचे फ्लेक्सवाले असतात, कधी शाळेच्या स्मरणिकेचं काम अंगावर घेतलेले सर, कधी नुकतीच कोरलड्रॉ शिकून कामाला लागलेली एखादी मुलगी. 'येत नाही' याचा अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणाची फोटोची जागा कोरी, कुणाचा फोटो अर्धाच, कुणाचा फाटलेला, म्हणजे ठिपके-ठिपके दिसणारा, कुणाच्या फोटोभोवती नको असलेला चौकोन. फोनवर घाईत सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप ही मुळात रेषांची सॉफ्टवेअर. अक्षर, कोयरी, तोरण, बॉर्डर हे सगळं गणिताने आखलेलं असतं, त्यामुळे पोस्टकार्डावरून होर्डिंगवर नेलं तरी कड तशीच धारदार राहते. फोटो मात्र ठिपक्यांचा. तो या रेषांच्या घरी मुक्कामाला आलेला असतो. स्क्रीनवर दिसते ती बऱ्याचदा त्याची कामापुरती झलक. छापताना खरे ठिपके लागतात. ते कुठे ठेवलेत, किती आहेत, कोणत्या रंगपद्धतीत आहेत आणि त्यांच्यावर काय पांघरलंय, यातलं एक जरी चुकलं तरी कागदावर घोटाळा होतो. प्रिंटरला दोष देण्याआधी या चार गोष्टी बघा, असं मी प्रत्येकाला सांगते.

जागा कोरी येत असेल तर पहिला संशय लिंकचा. फोटो फाइलमध्ये आणताना दोन वाटा असतात. एक, फोटो फाइलच्या पोटात घालायचा, म्हणजे एम्बेड. दुसरी, फोटो जिथे आहे तिथेच ठेवून फाइलमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहायचा, म्हणजे लिंक. लिंक केली की फाइल हलकी राहते, कामाला वेग येतो. पण ती फाइल पेनड्राइव्हवर घालून प्रेसमध्ये नेलीत की पत्ता तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा आणि फोटो तिथेच राहिलेला. इंकस्केपमध्ये फोटो आणतानाच एम्बेड की लिंक असं विचारतात आणि घाईत काय निवडलं ते नंतर आठवत नाही. म्हणून फाइल बाहेर पाठवण्याआधी एक्स्टेन्शन्स मेन्यूतल्या इमेजेसमध्ये जाऊन सगळे फोटो एम्बेड करून घ्या. कोरलड्रॉत लिंक करून आणलेला फोटो असेल तर बिटमॅप मेन्यूत लिंक तोडण्याची सोय आहे, ती तोडली की फोटो फाइलमध्ये येऊन बसतो. "ताई, मी तर सगळं कर्व्ह करून पाठवलं होतं," असं मला कितीतरी जण सांगतात. कर्व्ह केल्याने, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा केल्याने, फक्त अक्षरांचा प्रश्न मिटतो. समोरच्याकडे श्री-लिपीचे फॉन्ट नसले तरी मजकूर हलत नाही, इतकंच. फोटोला त्याचा काही उपयोग नाही.

कोऱ्या जागेचं दुसरं कारण अगदी साधं आहे. कोरलड्रॉत प्रत्येक लेयरपुढे, म्हणजे पानावरच्या थरापुढे, डोळ्याचं आणि प्रिंटरचं अशी चिन्हं असतात. डोळा चालू आणि प्रिंटर बंद राहिला, तर त्या लेयरवरचं सगळं दिसतं पण छापत नाही. आधी तिथे नजर टाका.

एवढ्याने भागलं नाही तर माझी एक सवय आहे, ती तुम्हीही लावून घ्या. एका वेळी दहा गोष्टी बदलू नका. नवीन पान उघडा, त्यावर फक्त तो एक फोटो ठेवा आणि छापा. आला, तर फोटो निर्दोष आहे, दोष त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींत. नाही आला, तर फोटोच तपासायचा. मग मूळ पानाची पीडीएफ करा आणि ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून मोठी करून बघा. पीडीएफमध्येच फोटो नसेल तर गडबड तुमच्या फाइलमध्ये. पीडीएफ चोख असून कागदावर येत नसेल तर गडबड प्रिंटर किंवा त्याच्या ड्रायव्हरची. अशा वेळी अॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंटमध्ये अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'प्रिंट अॅज इमेज' निवडा. इंकस्केपमधून थेट छापत असाल तर प्रिंटच्या खिडकीत रेंडरिंगखाली व्हेक्टरऐवजी (रेषांऐवजी) बिटमॅप (ठिपके) निवडा. बऱ्याचदा काम निघतं.

आता चौकोनाबद्दल. हा मला फार महागात पडलेला धडा आहे.

एका घरातल्या आजोबांच्या पंचाहत्तरीची पत्रिका होती. पार्श्वभूमी भगवी, मॅजेंटा (गुलाबी) ६० टक्के आणि यलो (पिवळा) १०० टक्के. त्यावर आजोबांचा फेट्यातला फोटो, मागचं सगळं कापून काढलेला, आणि त्याला एक मऊ सावली दिलेली. स्क्रीनवर फार देखणं दिसत होतं. ५०० पत्रिका छापून आल्या आणि गठ्ठा सोडल्या सोडल्या आजींनी विचारलं, "ह्यांच्या मागं ही चौकट कसली गं?" त्या अंगठ्याने तिथे घासून बघत होत्या, डाग असेल तर जाईल म्हणून. फोटोभोवती भगवा रंग किंचित मळकट होता आणि तो मळकटपणा बरोबर चौकोनी होता.

मी पत्रिका घेऊन प्रेसमध्ये गेले. मशीनवरच्या दादांनी काही न बोलता भिंग हातात दिलं. चौकोनाबाहेर फक्त गुलाबी आणि पिवळे ठिपके होते. चौकोनाच्या आत त्यांच्यामध्ये बारीक निळे ठिपके विखुरलेले. भगव्यात मी निळा घातलाच नव्हता. मग तो आला कुठून?

पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा अडोबीने १९८४ मध्ये आणली. तिला पारदर्शक ही गोष्टच माहीत नव्हती. वर जे ठेवाल ते खालचं झाकणार, एवढाच तिचा नियम. पीडीएफमध्येसुद्धा खरी पारदर्शकता २००१ च्या १.४ आवृत्तीपासून आली आणि प्रेसला बऱ्याचदा जुन्या पद्धतीची, सपाट केलेली पीडीएफ लागते. सावली तर पारदर्शकच असते. मग सॉफ्टवेअर काय करतं, सावली आणि तिच्याखालचा पार्श्वभूमीचा तुकडा एकत्र करून त्याचं एक चौकोनी चित्र बनवतं. माझ्या फाइलमध्ये फोटो आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा या रंगपद्धतीत होता, सावलीही आरजीबी. त्यामुळे तो तुकडा आरजीबी झाला, प्रेसमध्ये तो पुन्हा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळा-गुलाबी-पिवळा-काळा या चार शायांच्या पद्धतीत, केला गेला, आणि त्या येण्याजाण्यात भगव्यात निळ्याचे कण शिरले. बाहेरचा भगवा मात्र मी दिला तसाच गेला. एकच रंग दोन वाटांनी छपाईच्या प्लेटवर पोचला आणि जिथे त्या वाटा भेटल्या तिथे चौकट दिसली.

पत्रिका मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. तेव्हापासून प्रेसला जाणाऱ्या फाइलमधला प्रत्येक फोटो आधी सीएमवायके करते. फोटो, सावली आणि तिच्याखालची पार्श्वभूमी एकत्र निवडून ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) एकच बिटमॅप करते, आणि ही पार्श्वभूमी पानभर असेल तर पानभर करते, म्हणजे सांधा राहतच नाही. मजकूर त्याच्या वर, वेगळा. रेषांची मूळ फाइल दुसऱ्या नावाने जपून ठेवते.

इंकस्केप वापरणाऱ्यांना इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पीडीएफ करताना सावली, धूसरपणा असे परिणाम तो ठिपक्यांत बदलतो आणि त्यासाठीचा आकडा मुळात ९६ डीपीआय असतो. परिणाम फोटोलाच दिला असेल तर आख्खा फोटो ९६ वर येतो. फोटो चांगला असून फाटलेला छापला जातो तो यामुळे. पीडीएफच्या खिडकीत तो आकडा ३०० करा.

अर्धा फोटो छापून प्रिंटर थांबतो, ही तक्रार स्मरणिकेच्या सरांची. त्यांच्या एका पानावर ४० विद्यार्थ्यांचे पासपोर्ट फोटो होते, सगळे मोबाइलवर काढलेले, प्रत्येकी ४००० गुणिले ३००० पिक्सेल. असा एक फोटो उघडला की सुमारे ३६ एमबी होतो. ४० फोटोंचे झाले १४४० एमबी आणि शाळेतल्या छोट्या लेझर प्रिंटरपुढे ते सगळं एकदम येऊन पडलं. सर म्हणाले, "पण मॅडम, मी तर फोटो लहान केलेत." त्यांनी कोपरा धरून लहान केले होते आणि पॉवरक्लिपमध्ये, म्हणजे कोरलड्रॉतल्या चौकटीत, घालून कडा झाकल्या होत्या. पॉवरक्लिप कापत नाही, नुसतं झाकते. आत पूर्ण फोटो तसाच असतो. ३५ गुणिले ४५ मिलिमीटरच्या फोटोला ३०० डीपीआयने ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल पुरतात, म्हणजे एक एमबीसुद्धा नाही. आम्ही सगळे फोटो रीसॅम्पल केले, म्हणजे त्यांचे पिक्सेलच कमी केले, आणि पान एका दमात बाहेर आलं.

उलट बाजूही बघा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसतो. ३०० डीपीआयने तो सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापेल. ए४ पान भरायला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल हवेत. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कोरलड्रॉत फोटो निवडला की खालच्या पट्टीत त्याचा डीपीआय आणि रंगपद्धत लिहून येते. फोटो ताणलात की तो आकडा उतरताना दिसतो. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ चालतो, हातात धरायच्या पत्रिकेला नाही.

काही जण या सगळ्यावर एकच औषध करतात, आख्खं पान मजकुरासकट बिटमॅप. कृपा करून तसं करू नका. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, 'ऱ्या'मधला तो बारीक आकडा हे सगळं केसाएवढं असतं. ३०० डीपीआयच्या बिटमॅपमध्ये त्यांच्या कडा फुटतात आणि पान आरजीबी असेल तर काळं अक्षर चारही रंगांत विभागलं जातं. रजिस्ट्रेशन (चार रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं की अक्षराला रंगीत पदर सुटतात. निमंत्रितांच्या नावावरचा अनुस्वार उडाला तर ते नाव चुकलं असंच वाचलं जातं.

आणि फोटोवरचं पांढरं नावच छापून आलं नाही, असं झालं तर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता वर छापण्याची खूण, बघा. नाव आधी काळं असताना त्याला ओव्हरप्रिंट फिल लावलं असेल आणि नंतर रंग पांढरा केला असेल, तर प्लेटवर ते नाव उरत नाही. पांढरी शाई नसतेच, कागद मोकळा सोडावा लागतो, आणि ओव्हरप्रिंट म्हणतं खालचं सोडू नका. कोरलड्रॉच्या व्ह्यू मेन्यूत सिम्युलेट ओव्हरप्रिंट्स चालू केलंत की नाव तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसं होतं. नावावर राइट क्लिक करा आणि ती खूण काढा.

फोन जरूर करा. फक्त त्याआधी कोऱ्या पानावर तो एकटा फोटो छापून बघा आणि पीडीएफमध्ये तो दिसतो का, ते मला सांगा.