खर्च एसीचा नाही, वायरिंगचा

उन्हाळ्यापायी एसी घ्यायचं ठरलं, पण खरा खर्च भिंतीत दडून बसला होता. आज वायरमननं बोर्ड उघडला, तर बाबांच्या काळच्या वायरचं प्लास्टिक बोट लागताच भुरभुर गळलं. "भाऊ, कुलर अन् मोटरवरच हे तापते, एसी कुठून झेपन?" मीटरपासून जाड तांब्याची वेगळी लाइन, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), मीठ-कोळसा भरून नवं अर्थिंग. वर मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीनं घराला ठरवून दिलेली विजेची मर्यादा, वाढवायचा अर्ज. थ्री फेज घ्यावा म्हटलं तर बिलातला स्थिर आकारही वाढतो, वापर असो-नसो. तो विचार तिथंच सोडला.

अंदाजाचा आकडा एसीच्या किमतीला टेकला! कापूस निघेपर्यंत एसी दुकानातच थंड राहू दे. आरसीसीबी अन् अर्थिंग मात्र आत्ताच. कुलरच्या पाण्याजवळ लेकरं खेळतात.