फ्रेडरिक्सबर्ग : उशिरा आलेले पूल

अमेरिकन यादवी युद्धात फ्रेडरिक्सबर्ग येथे उत्तरेच्या सैन्याचा जो संहार झाला, त्याचे मूळ मला लढाईच्या आधीच्या चार आठवड्यांत दिसते. नोव्हेंबर १८६२ मध्ये लिंकन यांनी मॅक्लेलनला हटवून अँब्रोज बर्नसाइडकडे पोटोमॅकच्या सैन्याची, म्हणजे पूर्वेकडच्या उत्तरेच्या मुख्य फौजेची, सूत्रे सोपवली. हे पद त्याने आधी दोनदा नाकारले होते. त्याचा मूळ बेत चांगला होता: रॅपहॅनॉक नदी झटपट ओलांडायची आणि दक्षिणेचा सेनापती ली सावध होण्याआधी दक्षिणेच्या राजधानीची, रिचमंडची वाट धरायची. १७ नोव्हेंबरला त्याची आघाडी नदीकाठच्या फाल्मथला पोहोचली, तेव्हा पैलतीरावरच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये जेमतेम शिबंदी होती. पण तरंगत्या पुलांचे सामान वॉशिंग्टनमधल्या आदेशांच्या घोळात आणि चिखलाच्या रस्त्यांत अडकले होते. पाण्यातून पायी पलीकडे जाऊ द्यावे, ही आघाडीचा सेनानी सम्नर याची विनंती बर्नसाइडने फेटाळली. पावसाने नदी चढली तर पुढे गेलेली तुकडी एकटी पडेल ही त्याची भीती रास्तच होती. मात्र सामान येईपर्यंत लीचे सैन्य पलीकडच्या टेकड्यांवर येऊ लागले आणि लढाईपर्यंत त्याने तिथे सत्तर हजारांहून अधिक सैनिक जमवले, तरीही बेत तोच राहिला, हे मला अक्षम्य वाटते.

१३ डिसेंबरला शहराच्या खालच्या अंगाला उत्तरेच्या मीडच्या डिव्हिजनने दक्षिणेच्या जॅक्सनची फळी फोडली, पण वेळेवर कुमक न मिळाल्याने तिला मागे रेटले गेले. शहरामागच्या मेरीज हाइट्स या टेकडीसमोर जे घडले त्याला तर लढाई म्हणणेही जड जाते. टेकडीच्या पायथ्याशी दगडी भिंत, तिच्यामागे खोलगट रस्ता, आणि त्यात एकामागे एक रांगांनी उभे असलेले दक्षिणेचे बंदूकधारी. मागचे बंदुका ठासून पुढे देत, पुढचे झाडत. समोरच्या उघड्या मैदानात पाण्याचा चर आडवा होता आणि तो अरुंद पुलांवरून ओलांडताना ब्रिगेडच्या रांगा तोफांच्या तोंडी सापडत. अंधार पडेपर्यंत ब्रिगेडमागून ब्रिगेड पाठवली गेली. भिंतीपर्यंत कोणीही पोहोचले नाही. वाचलेले सैनिक थंडीत मृत सोबत्यांच्या देहांचा आडोसा करून रात्रभर पडून राहिले.

मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून उत्तरेचे १२,६०० हून अधिक, तर दक्षिणेचे सुमारे ५,३०० सैनिक गमावले गेले. पराभवाची जबाबदारी बर्नसाइडने लेखी स्वतःकडे घेतली, हा त्याचा प्रामाणिकपणा मी मानतो. पण पहिली लाट मैदानात कोसळल्यावर पुढच्या लाटा थांबवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती होता.