दीड मिनिटाची शोरील

आज दिवसभर शोरील, म्हणजे स्वतःचं काम दाखवणाऱ्या निवडक शॉट्सची छोटी फिल्म, कापत बसलो होतो. साडेचार मिनिटांची दीडवर आणली आणि सगळ्यात लाडका शॉट, काचेवरून ओघळणारा पावसाचा थेंब, तोच उडवला. देखणा होता, पण त्यात माझं काम काय? कॅमेऱ्याचा फोकस मित्राने सांभाळलेला, मी नुसता शॉटचा नंबर लिहिलेली क्लॅपची पाटी धरून उभा!

मग तीच इन्स्टासाठी उभी करायला घेतली. आडव्या १६:९ फ्रेमचं उभं ९:१६ करताना संवादाच्या सीनमध्ये एका पात्राचं फक्त नाक उरलं. शेवटी एकेक शॉट हाताने रीफ्रेम केला. सबटायटल्स खाली ठेवली तर ती बटणांमागे लपली, म्हणून वर सरकवली. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळे ती हवीतच.

लिंक्डइनवरचं 'फिल्ममेकर' खोडून 'विद्यार्थी, संकलन' असं लिहिलं. जिवावर आलं होतं, खरं सांगतो. प्रत्येक क्लिपखाली कुणी काय केलं तेही टाकलं, सगळ्यांना टॅग केलं.

रात्री पहिला मेसेज साउंड करणाऱ्या मैत्रिणीचा: "अरे, माझं आडनाव चुकलंय." परत एक्सपोर्टला लावलंय. ४१ टक्के.