प्रतिपिंडाने विकर नेमके कुठे धरले?

एचआयव्हीची लांब प्रथिने कापून सुटी करणाऱ्या प्रोटिएज या विकराची (एन्झाइमची) साखळी अवघ्या ९९ अमिनो आम्लांची असते आणि ती एकटी असताना काहीही कापू शकत नाही. अशा दोन सारख्या साखळ्या जुळल्या, की प्रत्येकीतील २५व्या स्थानावरचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल समोरासमोर येते आणि तेथे क्रियास्थान, म्हणजे प्रत्यक्ष कापण्याची जागा, तयार होते. कात्रीच्या दोन पात्यांना जसा खिळा लागतो, तसा येथे साखळ्यांच्या टोकांचा आधार लागतो; दोन्ही साखळ्यांची सुरुवातीची आणि शेवटची मोजकी आम्ले एकमेकांत गुंफली जाऊन चार पदरांची पट्टी बनते.

या विकरावर प्रागमधील संशोधकांनी अभ्यासलेला १६९६ क्रमांकाचा मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळवलेला, एकसारखा) प्रतिपिंड (अँटिबॉडी) मला विशेष उद्बोधक वाटतो. तो एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ या दोन्ही विषाणूंच्या प्रोटिएजला रोखतो. पण तेवढ्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण प्रतिपिंड हा विकराच्या कित्येक पट मोठा रेणू असल्यामुळे तो नुसता शेजारी चिकटला तरी वाट अडू शकते. महत्त्वाचे आहे ते त्याने विकर कुठे धरले हे. तो साखळीची पहिली सहा आम्ले ओळखतो, म्हणजे क्रियास्थानाला हातही न लावता नेमका जोडणीचा भाग पकडतो. त्यातही पहिल्या आम्लाचे, म्हणजे प्रोलिनचे, टोक मोकळे असावे लागते. प्रोटिएज मोठ्या पूर्वप्रथिनाचाच भाग असताना ते टोक मोकळे नसते, त्यामुळे हा प्रतिपिंड कापून सुटे झालेले विकर तेवढे ओळखतो. प्रतिपिंड आणि त्या टोकाचा तुकडा यांच्या संयुक्त स्फटिकांत दिसलेल्या रचनेवरून असा निष्कर्ष निघाला, की प्रतिपिंड पकडतो तेव्हा ते टोक पट्टीतल्या जागेवरून ढळते आणि जोडी फुटते. जोडी फोडणे हाही विकर थांबवण्याचा मार्ग आहे, हे यातून स्पष्ट झाले.

एफ११.२.३२ हा दुसरा प्रतिपिंड क्रियास्थानावर झाकल्या जाणाऱ्या झडपेच्या मुळाजवळचा, ३६ ते ४६ या आम्लांचा भाग धरतो आणि झडपेची हालचाल अडवत असावा. हे प्रतिपिंड औषधे मात्र नव्हेत. प्रोटिएजचे काम विषाणूच्या कवचाआड चालते आणि एवढा मोठा रेणू तेथे पोहोचत नाही.

विकराला रोखणे हा हेतूच नसेल, तरीही प्रतिपिंड उपयोगी पडतो. रेणूची रचना पाहायला त्याचे स्फटिक लागतात, पण आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराचे डीएनएसह चांगले स्फटिक मिळणे कठीण होते. रटगर्स विद्यापीठातील एडी अरनॉल्ड यांच्या गटाने संपूर्ण प्रतिपिंडाऐवजी त्याचा फॅब हा, लक्ष्याला पकडणारा तुकडा वापरला. या विकराच्या दोन उपघटकांपैकी ज्याचे क्रियास्थान काम करत नाही अशा पी५१ या उपघटकाला तो चिकटतो आणि स्फटिकाची रचना बांधून ठेवतो. १९९३ साली सुमारे ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याने ही रचना प्रसिद्ध झाली, आणि विकराच्या खोबणीतला डीएनए सरळ नसून ४० अंशांहून अधिक वाकलेला आहे, हे त्यात दिसले.