तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लामेंको आपल्या कथकवरूनच आलंय ना?

लहानपणी पुण्यात मी आठ वर्षं कथक शिकले, पुढे नोकरीनिमित्त दोन वर्षं स्पेनमध्ये सेव्हियाला राहिले आणि तिथे त्रियाना भागात फ्लामेंकोचा, म्हणजे तिथल्या गाणं-नाच-गिटार मिळून होणाऱ्या कलेचा क्लास लावला. हे कळलं की लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी, ऑफिसातली मंडळी, सगळे एकच विचारतात, "अगं, म्हणजे आपलं कथकच ना ते, राजस्थानातून जिप्सी लोक घेऊन गेले ते?" दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माणसं इकडून गेली, हे पक्कं आहे. साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघालेले रोमा लोक (ज्यांना जिप्सी म्हणतात तेच) इराण, तुर्कस्तान, ग्रीस असं करत, पिढ्यान् पिढ्या वाटेत काढत युरोपात पोचले, आणि स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ ची आहे, अरागॉनच्या राजाने दिलेला प्रवासाचा परवाना. तिथे त्यांना हितानो म्हणतात. पुरावा म्हणजे त्यांची भाषा. रोमानीत कानाला कानच म्हणतात, केसांना बाल, माणसाला मानुष. क्लासच्या बाई सेव्हियाजवळच्या खेरेस गावच्या हितानो घरातल्या, साठीच्या. एकदा पाण्याची बाटली पुढे करताना माझ्या तोंडून मराठीत "पाणी" गेलं, त्या थबकल्याच, म्हणाल्या माझी आजी पान्यी म्हणायची. मग त्या दिवशी अर्धा तास आम्ही दोघी शब्दच जुळवत बसलो, नाच राहिला बाजूला.

पण भाषा गेली म्हणून नाचही गेला असं होत नाही ना. आज आपण बघतो ते कथक मोगल दरबारात आणि मग लखनौ-जयपूरकडे घडत गेलं, म्हणजे ही माणसं गेल्यावर कितीतरी शतकांनी. पायांचा आवाज, गिरक्या, हाताची वळणं सारखी वाटतात, मान्य, मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण आपला अख्खा तळवा उघडा जमिनीवर पडतो आणि वाजतात ते घुंगरू, तिकडे घुंगरू नाहीतच, बुटाच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात आणि टाच, चवडा, आख्खा पाय ह्यांचे आवाज वेगवेगळे काढायचे असतात. आमच्या क्लासची लाकडी फळी त्या खिळ्यांनी मधोमध पांढरी पडली होती.

खरा फरक मला तालात कळला. सोलेआ नावाचा प्रकार बारा मात्रांचा, मी म्हटलं वा, एकताल! एकतालात दोन-दोनचे सहा विभाग आणि सम पहिल्या मात्रेवर, हे इतकं अंगात मुरलेलं की हात आपोआप एकवर जोरात पडायचा. बाईंनी दोन महिने मला पाय उचलू दिला नाही. टेबलावर माझी मूठ धरून ठोकून घ्यायच्या, तीन, सहा, आठ, दहा, बारा. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. एकवर काहीच नाही! आणि ओळ येऊन टेकते दहावर, अकरा-बारा नुसता श्वास. हे तीन आणि दोनचं गुंफण सतराव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारच्या पुस्तकांत, तिथल्या जुन्या नाचांमध्ये सापडतं, ते त्या मातीतलंच आहे.

मग हितानोंनी काय दिलं? माझ्या मते सगळ्यात मोठं म्हणजे गाणं, आणि ते त्यांनी भारतातून आणलं नाही, आंदालुसियात, म्हणजे सेव्हिया ज्यात येतं त्या दक्षिण स्पेनमध्ये, त्यांच्यावर जे गुदरलं त्यातून काढलं. १४९९ मध्ये हुकूम निघाला की साठ दिवसांत स्थायिक व्हा, कामधंदा धरा नाहीतर देश सोडा, पुढे पोशाखावर बंदी, भाषेवर बंदी. आणि ३० जुलै १७४९, हा दिवस मला वाटतं फ्लामेंकोबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. त्या रात्रीपासून राजाच्या हुकमाने देशभर हितानोंची धरपकड सुरू झाली, हजारो माणसं पकडली, सात वर्षांवरचे मुलगे आणि पुरुष जहाजबांधणीच्या गोद्यांत मजुरीला, बायका आणि लहान मुलं वेगळीकडे कोंडलेली. शेवटच्या लोकांना सुटायला पंधराएक वर्षं लागली. मार्तिनेते नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे, लोहारकामाशी जोडलेला, त्रियानातले कितीतरी हितानो लोहारच होते. त्याला गिटार नाही, टाळ्या नाहीत, फार तर ऐरणीवर हातोडा आणि एकटा आवाज. त्यातले शब्द तुरुंगाचे, ताटातुटीचे. बाईंनी एकदा फळीवर काठी आपटत दोन ओळी म्हटल्या, आमच्यातलं कुणी नंतर पाच मिनिटं बोललं नाही.

आणि एकट्या हितानोंचंही नाही हं ते. आंदालुसियातली लोकगीतं त्यात आहेत, शतकानुशतकं तिथे राहिलेल्या अरबी-मुसलमान लोकांच्या सुरांची छाया आहे, सेव्हिया-कादिझच्या बंदरांत गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन लोक आहेत. फान्दांगो ह्या नाचाबद्दल तर १७३२ च्या स्पॅनिश शब्दकोशातच लिहिलंय की 'इंडीज'मध्ये राहून आलेल्यांनी तो आणला, आणि इथे इंडीज म्हणजे अमेरिका बरं का, आपण नाही! १८८१ मध्ये सेव्हियात स्वतःचा गाण्याचा कॅफे काढणारा सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती, त्याचे वडील इटालियन, तो गाणं शिकला हितानो गायकाकडून. अशाच कॅफेंच्या लाकडी स्टेजवर पायांचं काम एवढं वाढलं. ज्या खोक्यावर बसून ठेका धरतात तो काहोन पेरूचा, तो गिटारवादक पाको दे लुसियामुळे १९७० च्या दशकाच्या शेवटी ह्यात आला.

म्हणून "आपलंच आहे ते" म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. त्रियानातल्या हितानो कुटुंबांना १९५०-६० च्या सुमारास तिथून उठवून शहराच्या कडेला टाकलं, आज टुरिस्ट त्याच गल्ल्यांत फ्लामेंको बघायला येतात. आधी घरं गेली, आता आपण म्हणायचं की गाणंही मुळात तुमचं नाही? नातं जरूर सांगा, पाणी-पान्यीचं नातं आहेच, मला ते फार जवळचं आहे, पण ह्या नाचाचं गाव विचाराल तर त्रियाना, खेरेस, कादिझ.

ऐकायचं असेल तर कामारोन ह्या हितानो गायकाची एखादी सोलेआ लावा. गिटारकडे पहिल्यांदा लक्ष देऊ नका, टाळ्या किंवा बोटांची टकटक पकडा, एकवर हात टाकायचा मोह आवरा, आणि आवाज दहावर येऊन बसतो तिथे कान ठेवा.