म्यूट करून गाणी बघायचा उद्योग: वहीत आतापर्यंत काय काय जमलं

मंडळी, गाण्यांच्या वहीचा अपडेट टाकायचा बरेच दिवस राहून गेला होता, आज बसून लिहूनच टाकतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात: सिनेमातलं गाणं लक्षात राहतं ते गळ्यामुळे की पडद्यावरच्या माणसामुळे, हा आमच्या घरातला जुना वाद, आई गळ्याच्या बाजूची, मामा नटाच्या बाजूचा, आणि दोघंही एक इंच हटत नाहीत. म्हणून मी एक पद्धत धरली. गाणं आधी डोळे मिटून नुसतं ऐकायचं, मग आवाज पूर्ण बंद करून नुसतं बघायचं, मग दोन्ही एकत्र, आणि तिन्ही वेळेला कुठली जागा मनात अडकली ते वहीत लिहायचं. तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले की मजा कळायला लागते.

आधी कामाची एक गोष्ट, कारण दोघातिघांनी हाच प्रकार सुरू केलाय असं कळलं. ओठ आणि आवाज जुळतात का हे बघायचं असेल तर वायरवाले हेडफोन लावा, ब्लूटूथमध्ये आवाज बऱ्याचदा किंचित मागे पडतो आणि बिचाऱ्या नटावर उगाच आळ येतो. नेटवरच्या जुन्या प्रिंटमध्येही आवाज पुढेमागे झालेला असतो. म्हणून गाण्याच्या आधीचे संवाद बघून घ्यायचे, बोलताना ओठ जुळतायत म्हणजे प्रिंट ठीक. शिवाय रेकॉर्डवरचं गाणं आणि पडद्यावरचं गाणं बरेचदा एक नसतं, जुन्या 78 च्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे सिनेमात असलेलं एखादं कडवं रेकॉर्डवर गायब. ऐकायचं एक आणि बघायचं दुसरं असं होऊ देऊ नका, सिनेमातलाच आवाज वापरा.

आता मुद्द्यावर. या फेरीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'कश्मीर की कली'तल्या (1964) 'तारीफ़ करूँ क्या उसकी'ने. चाल ओ. पी. नय्यर, शब्द एस. एच. बिहारी, गळा रफी, आणि पडद्यावर शम्मी कपूर. दल सरोवर, शिकारा, समोर शर्मिला टागोर आणि शेवटी हा गडी थेट पाण्यात. म्यूट करून बघितलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की शम्मी कडव्यात तसा बराच शांत असतो, खरा धुमाकूळ घालतो तो मुखडा परत आल्यावर. शब्द तेच, चाल तीच, पण एकदा मान, एकदा अख्खा खांदा, एकदा नावेत लोळण. आणि शेवटी तीच ओळ पुन्हा पुन्हा येते तो भाग तर मी पाव स्पीडवर किती वेळा बघितला असेल. तो शेवट शम्मीनेच मागून घेतला होता हा किस्सा त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलाय: ओळ परत परत यावी असं त्याचं म्हणणं, नय्यरना ते पटत नव्हतं, तेव्हा रफीसाहेब मधे पडले की करून तर बघू. म्हणजे त्या ओळीचं ते परत परत येणं गळ्याने गायलंय पण सुचलंय नटाला. शम्मी रेकॉर्डिंगला जाऊन बसायचा, मी इथे असं करणार आहे हे रफींना सांगायचा आणि रफी ते आवाजात घ्यायचे. मग यात गाणं कुठलं आणि अभिनय कुठला, करा वेगळं!

तेव्हापासून मी वहीत एक नवीन रकाना केलाय, 'मुखडा परत'. प्रत्येक गाण्यात मुखडा जितक्या वेळा येतो तितक्या वेळा पडद्यावर काय बदललं एवढंच त्यात लिहायचं. आणि माझं मत आता इथवर आलंय की गाणं कानात बसवतो तो गळाच, त्याला तोड नाही, पण तीच ओळ तिसऱ्यांदा आल्यावर तिचा अर्थ वेगळा लागावा हे काम नटाचं आहे, आणि ज्या गाण्यात हे झालंय ते नुसतं ऐकतानाही डोळ्यासमोर येतंच येतं.

'हम दोनों'मधलं (1961) 'अभी न जाओ छोड़कर' घ्या. जयदेव, साहिर, रफी आणि आशाबाई. आवाज बंद केला की देव आनंद फार काही करत नाही हे कळतं, हलकंसं हसू, मान तिरकी. खरं काम साधना करते, आणि ते जास्त करून ऐकताना. रफींची ओळ चालू असताना ती निघायचं म्हणते, थांबते, नजर फिरवते, आणि मुखडा दर वेळी तिच्या चेहऱ्यावर वेगळा पडतो. गाणारा एक, पण बघायचं ऐकणारीकडे. या गाण्यावर आईची परीक्षा घेतली. आवाज बंद, गाण्याचं नाव झाकलेलं, मधूनच कुठूनतरी लावलं, आणि ती भाजी निवडता निवडता वर बघून लगेच गुणगुणायला लागली, तेही बरोबर त्याच ओळीवर. गळ्याच्या बाजूच्या माणसाला चेहऱ्यावरून ओळ सापडली. मामाला मी हे लगेच फोन करून कळवलं. आईचं उत्तर मात्र बिनतोड होतं, ती म्हणाली, अरे मला आठवली ती आशाच ना, साधनाचा आवाज मला कुठे माहितीय?

आणि आईच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 'कागज़ के फूल'मधलं (1959) 'वक़्त ने किया'. गीता दत्त, सचिनदेव बर्मन, कैफी आझमी. इथे कुणी ओठच हलवत नाही. रिकामा स्टुडिओ, वरून येणारा उजेडाचा झोत, गुरुदत्त एकीकडे, वहीदा दुसरीकडे, आणि देह तिथेच राहून दोघांच्या पुसट आकृती त्या उजेडात एकमेकांकडे जातात. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो झोत आरशांनी ऊन परावर्तित करून आणला होता, आणि या सिनेमाच्या छायाचित्रणाला फिल्मफेअर मिळालं. म्यूटवर बघितलं तर चित्र म्हणून अप्रतिम, पण गाणं म्हणून ते उभंच राहत नाही हो, दोन माणसं नुसती उभी आहेत एवढंच राहतं. आवाज चालू केला की तीच उभी माणसं बघवत नाहीत. गीता दत्तने त्यात कुठेही आवाज चढवलेला नाही, रडवेला केलेला नाही, शब्द जेमतेम बोलल्यासारखा सोडलाय. इथे अभिनय जो काही आहे तो तिच्या गळ्यात आहे. माझ्या 'मुखडा परत' रकान्यात या गाण्यापुढे मी लिहिलंय, 'बदल फक्त उजेडात आणि आवाजात'.

मधेच एक सांगून टाकतो, हातांकडेही बघत जा. 'कोहिनूर'मधलं (1960) 'मधुबन में राधिका', हमीर राग, नौशाद, रफी. दिलीपकुमार त्यासाठी सतार शिकला होता आणि कॅमेरा बोटांवर जातो तेव्हा त्याला लपवाछपवी करावी लागत नाही. ऐकू येणारी सतार अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांची, पण म्यूटवर बघताना बोटं, खांदा आणि मान एकाच वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात ते बघून वाटतं की हा माणूस आत्ता वाजवतोयच. वाद्य नुसतं धरून बसलेले नट बघायची सवय झाली असेल तर हे एकदा बघाच.

मराठीत या फेरीत मी 'कट्यार काळजात घुसली' (2015) लावला आणि त्यात अडकलोच, कारण आपल्या वादासाठी इतका सोयीचा सिनेमा दुसरा नाही. शंकर महादेवन पंडितजी म्हणून पडद्यावर स्वतः आणि आवाजही स्वतःचा. सचिन पिळगावकरच्या खाँसाहेबांना आवाज राहुल देशपांडेचा. सुबोध भावेच्या सदाशिवला महेश काळेचा, आणि त्यातल्या 'अरुणि किरणी'साठी महेशला राष्ट्रीय पुरस्कार. एकाच सिनेमात दोन्ही प्रकार! पाव स्पीडवर बघताना मी फक्त श्वास शोधत होतो. शंकर ओळीच्या आधी श्वास घेतो तो छातीत दिसतो, ओठ नंतर उघडतात, गाणाऱ्याच्या अंगातच ते असतं. नटांमध्ये श्वास धरायची मेहनत केलेला आणि फक्त ओठ पाठ केलेला यात फरक इथेच कळतो, शब्द काय कुणीही पाठ करेल. सेटवर गाणं मोठ्याने लावून नटाने खरंच तोंडाने गावं असं जुने लोक का सांगायचे ते यावरून पटतं, नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि तान घेताना चेहरा कोरा राहतो. सचिन स्वतः गाणारा माणूस, त्यामुळे तानेला त्याचा जबडा आणि डोळे ढिले पडत नाहीत, हे मला फार आवडलं. अर्थात मूळ नाटकात, 1967 साली, खाँसाहेब वसंतराव देशपांडे होते, तिथे गळा आणि चेहरा एकाच माणसाचा, रोज रात्री समोरासमोर. त्यांच्याच नातवाने पडद्यावरच्या खाँसाहेबांना आवाज दिला याचा मला वहीत लिहितानाही आनंद झाला.

तसं बघितलं तर हा वादच प्लेबॅकमुळे जन्माला आलाय. 1935 च्या 'धूप छाँव'पासून प्लेबॅक सुरू झालं असं धरतात, त्याआधी नट म्हणजे गाणाराच. आणि नंतरही काही वर्षं आपल्याकडे प्रभातमध्ये तेच. 'संत तुकाराम'मध्ये (1936) विष्णुपंत पागनीस स्वतः गातात, आणि 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय हे सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही, तुकोबांचाच अभंग म्हणतात. इतका विश्वास बसला तो नुसत्या चालीमुळे बसला असेल का? मला नाही वाटत, पागनीसांच्या चेहऱ्यावरचा भाव आणि तो आवाज एकाच ठिकाणाहून येतोय हे माणसाला कळतं. 'माणूस'मधलं (1939) 'कशाला उद्याची बात' पण तसंच, शांता हुबळीकर, मधे वेगवेगळ्या भाषांतली कडवी, आणि दर वेळी मुखड्यावर परत येताना बाईंचा बेफिकीरपणा थोडा वेगळा. माझा रकाना या गाण्याने भरून गेला.

मग 1949 ला 'महल' आला आणि 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं, तर कामिनी! म्हणजे सिनेमात मधुबाला जे पात्र करते त्याचं नाव. गळा लताबाईंचा, आणि नाव पात्राचं. रेडिओवर लोकांनी विचारणा केली की ही गातेय कोण. त्यांनी चेहरा न बघता फक्त आवाज धरला होता, आईच्या बाजूला हा दुसरा मोठा पुरावा आहे आणि तो मी इमानदारीत नोंदवलाय. पुढे 'आपली आवड', विविध भारती, यांनी पिढ्यानपिढ्या गाणी आधी कानात घातली, चेहरे नंतर दूरदर्शनच्या छायागीतमध्ये भेटले. ज्यांनी गाणं आधी रेडिओवर ऐकलं त्यांना गळा जवळचा, ज्यांना आधी टीव्हीवर भेटलं त्यांना नट, असं आमच्या घरापुरतं तरी पक्कं दिसतंय. भाच्यावर उलटी परीक्षा केली, त्याला जुनी गाणी नुसती ऐकवली आणि गाणारा माणूस कसा दिसत असेल ते सांग म्हटलं. रफींच्या 'तारीफ़'ला तो म्हणाला, कुणीतरी खूप हलणारा माणूस. शम्मी त्याने आयुष्यात बघितलेला नाही.

पुढच्या फेरीत लावणी घेतोय, कारण तिथे गळा आणि चेहरा याच्या जोडीला पाय येतात आणि माझे चार रकाने पुरणार नाहीत. 'सांगत्ये ऐका'मधली (1959) 'बुगडी माझी सांडली गं', आशाबाई आणि जयश्री गडकर, वसंत पवारांची चाल, गदिमांचे शब्द. पुण्यात विजयानंद थिएटरला हा सिनेमा 131 आठवडे चालला, गाणं बाहेर ऐकायला मिळत असूनही लोक तिकीट काढून परत परत बघायला जात होते हे विसरून चालणार नाही. आणि त्याच्या जोडीला 'पिंजरा' (1972), राम कदम, उषाताई आणि संध्या. ठेका ऐकू येत नसताना फक्त पायांवरून सम सापडते का हे बघायचंय. 'सांगत्ये ऐका'ची आवाज-चित्र नीट जुळलेली प्रिंट कुणाला माहीत असेल तर सांगा, मला सापडलेल्या सगळ्यांत ओठ मागे पडतायत.