अमावास्येला न येणारा करंट

दिवाळी झाली की बेळगावात गिझरच्या माणसाला निवांत जेवायला मिळत नाही. पावसाळ्यातही गरम पाणी लागतंच, पण तेव्हा लोक चालवून घेतात. कार्तिकातली पहाट बोचायला लागली की माळ्याखालच्या त्या पांढऱ्या डब्याची सगळ्यांना एकदम आठवण होते. पाणी कोमट येतंय, टाकीखालून थेंब पडतात, बटण दाबलं की एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका) पडते. पत्ता ऐकला की निम्मं निदान फोनवरच होतं. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी वापरणाऱ्या घरात कॉइल बरीच टिकते. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरी खपली चढते, कॉइल आतून तापून फुटते आणि मग पाण्यात करंट उतरतो.

म्हणून शहापुरातल्या वहिनींनी फोनवर “करंट मारूलालाय” म्हटलं तेव्हा मी मनात कॉइल धरूनच ठेवली होती. पण त्यांचं बोलणं संपेना.

“नवा गिझर घेऊन म्हैना झाला न्हाई. जुन्यातबी मारायचा, ह्यातबी मारूलालाय. नळाला हात लावाय भीती वाटते. पोरं आंघोळच करंनात. आणि एक सांगू काय, हसू नका. अमावास्येला मारत न्हाई.”

मी हसलो नाही. गिऱ्हाईक वेळ-काळ सांगतं तेव्हा ऐकून घ्यावं, कारण सांगतं तेव्हा सोडून द्यावं, असा माझा आपला नियम आहे.

घर जुनं, दोन सोप्यांचं. वाटणीत मधोमध भिंत घातलेली. अलीकडे थोरले, पलीकडे धाकटे. धाकट्यांकडे चार माग, भिंतीतून त्यांची खटखट सारखी ऐकू येत होती. शहापूर-वडगाव-खासबागेत या आवाजाकडे कुणाचं लक्ष जात नाही, तसं माझंही गेलं नाही. थोरले उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्या दिवशी दुसरी पाळी म्हणून घरीच होते आणि मला बोलावलेलं त्यांना पसंत नसावं.

“मी रोज आंघोळ करतोय की हितंच. मला कुठं बसलाय करंट? हिला कायतरी वाटतंय.”

“किती वाजता करता आंघोळ?”

“पाचला. पयली पाळी असते.”

आणि वहिनी आणि पोरं? आठच्या पुढे. हे मी वहीत लिहून ठेवलं.

झालेला इतिहास असा. आधीच्या पंधरा लिटरच्या गिझरला करंट येतो म्हणून एका दुकानाचा माणूस आला. त्याने प्लग काढला, नळाला टेस्टर लावला, टेस्टर विझला. प्लग लावला, टेस्टर पेटला. बटण बंद ठेवून नुसता प्लग लावला तरी पेटला. झालं, गिझर बाद. एक्स्चेंजमध्ये नवा आला. नव्यालाही तेच. मग तो म्हणाला की आरसीसीबी बसवा, करंट आला की आपोआप लाइन तुटेल. तीही बसवली, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारी, चांगल्या प्रतीची. ती एकदाही पडली नाही आणि करंट येतच राहिला. थोरले म्हणाले ते त्यावरच: “मशीन म्हणतंय करंट न्हाई, मग हिच्या हाताला कुठनं येतोय?”

प्रश्न चोख होता. मलाही तोच पडला होता.

गिझर खाली उतरवला. कॉइलची टोकं सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन किती पक्कं ते मोजायचं यंत्र) लावला. इन्शुलेशन नव्या मालासारखं, कारण माल नवाच होता. थर्मोस्टॅट ठीक, कटआउट ठीक, आतला मॅग्नेशियमचा रॉडसुद्धा अजून चकचकीत. गिझर परत टांगला, बटण बंदच ठेवून प्लग लावला आणि नळाला टेस्टर टेकवला. लख्ख पेटला.

टेस्टरवर माझा फारसा विश्वास नाही. तो होय की नाही एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही, आणि कधीकधी होयसुद्धा उगाचच सांगतो. मीटर काढला. परसात तुळशीकट्ट्याजवळच्या ओल्या मातीत लांब पेचकस खोलवर खोवला, त्याला एक वायर बांधून न्हाणीपर्यंत आणली. माती ते नळ: १०० व्होल्ट, थोडं वरखाली. नळाचे पाइप जुने लोखंडी, पण वर गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून आलेले, जमिनीला कुठेच न टेकणारे. खाली शहाबादी फरशी, ती ओली. अंग ओलं असताना ५० व्होल्टच्या वर गेलं की खेळ जिवाशी असतो. वहिनींना झटका बसून हात सुटत होता हे नशीब. थोरल्यांना आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण आतून खुर्ची आणून माझ्याजवळ ठेवली.

आता प्लगमध्ये मीटर घातला. फेज (करंट आणणारी तार) ते न्यूट्रल (परत नेणारी) २३०, सरळ. न्यूट्रल ते अर्थिंग (तिसऱ्या पिनची, जमिनीत जाणारी तार) १०० च्या आसपास. म्हणजे करंट अर्थिंगच्या तारेवरच होता. मग फेज ते अर्थिंग बघितलं आणि मीटर बिघडलाय की काय म्हणून काटे पुसून पुन्हा लावले. २९० च्या जवळ.

इथे जरा थांबतो, कारण सगळी गोष्ट याच आकड्यात आहे. या घराला एकच फेज येते. याच घरातली काही वस्तू गळत असती आणि तिचा करंट अर्थिंगवर चढला असता, तर फेज आणि अर्थिंग यांच्यातला फरक २३० पेक्षा कमी व्हायला हवा होता. अर्थिंग जेवढी वर चढेल तेवढा तो फरक घटणार. तो वाढलाय, याचा अर्थ अर्थिंगवर चढलेला करंट या घराच्या फेजचा नाहीच. पोलवर तीन फेज असतात, कुठल्याही दोन फेजांमध्ये मोजलं तर ४०० च्या आसपास भरतात. हा करंट दुसऱ्या कुठल्यातरी फेजचा होता, आणि दुसरी फेज या घरात शिरतच नव्हती.

मग कानाला खटखट ऐकू आली. म्हणजे ऐकू सकाळपासूनच येत होती.

“धाकट्यांचं थ्री फेज आहे ना?”

“माग हाईत म्हटल्यावर असणारच की.”

“अमावास्येला माग बंद असतात?”

वहिनींनी आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं. “असतात. आणि सकाळी सातला सुरू करतात,” त्या म्हणाल्या, “ह्यांची आंघोळ झाल्यावर.”

बटण आणि आरसीसीबी यांचं गौडबंगालही इथेच सुटतं. बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंगची तार कधीच तोडत नाही. त्यामुळे बटण बंद असलं तरी अर्थिंगवरचा करंट गिझरच्या पत्र्यात, तिथून पाइपात, तिथून नळात येत राहिला. प्लग उपटला की तिसरी पिनही निघते, म्हणून करंट थांबायचा आणि दोष गिझरवर जायचा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघते. इथे त्या दोन्हींतून काहीच जात नव्हतं. करंट शेजारून अर्थिंगच्या तारेने यायचा आणि वहिनींच्या अंगातून जमिनीत जायचा. आरसीसीबीला त्याचा पत्ताच नाही. त्या दुकानाच्या माणसाला मी फार दोष देत नाही, प्लग काढला की थांबतं हा पुरावा भल्याभल्यांना फसवेल. पण नवा गिझर लावल्यावरही तेच होतंय म्हटल्यावर तरी मीटर बाहेर काढायला नको का? विकायची वस्तू पाठीशी असली की मीटर सहसा बॅगेतून निघत नाही.

पलीकडे जायचं कसं, हा पुढचा प्रश्न. दोघे भाऊ बोलत नव्हते. थोरले म्हणाले, “तुमी जावा, माझं नाव काढू नका.” मी रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने गेलो.

धाकटे मागावर होते. तुटलेला धागा सांधून माझ्याकडे बघितलं. “वैनीनं पाठिवलंय काय?”

“नाही, तुमच्या मोटरीनं पाठवलंय. एक मोटर गळतेय. एक-एक माग बंद करून बघायचाय, दहा मिनिटं द्या.”

“माल द्यायचाय उद्या.”

“मोटर जळली तर उद्या काय देणार?”

हे पटलं. मी विचारलं की मागाला हात लावल्यावर कधी काही जाणवतं का. “मुंग्या येतात कवातरी. लोखंड हाय, येणारच.” कोरडी जमीन, पायात चप्पल आणि मागाचे पाय त्याच फरशीत रोवलेले, म्हणून त्यांचं मुंग्यांवर भागत होतं. त्याच फरशीतून थोडाफार करंट जमिनीत मुरतही होता, नाहीतर भिंतीपलीकडे १०० नव्हे, पुरते २३० पोचले असते.

माझ्याबरोबरचा पोरगा पलीकडे न्हाणीत मीटर धरून उभा. पहिला माग बंद केला. मी भिंतीवरून ओरडलो, “किती?” “शंभर!” दुसरा बंद केला. “शंभरच!” तिसऱ्याचा मेन स्विच खाली ओढला.

पलीकडून काहीच आवाज नाही. मग पोरगा म्हणाला, “मामा, दोन आलं. दोन व्होल्ट.”

आणि त्याच्या मागोमाग वहिनींचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: “मी म्हणत हुते की!”

मोटरीचं झाकण काढलं तर आत कापसाची धूळ आणि तेल यांचा काळा लगदा. मेगर लावला, त्या मोटरीचं वायंडिंग बॉडीशी जवळजवळ जोडल्यासारखंच होतं. वायर सोडवून टोकं बांधून ठेवली, मोटर उद्यमबागेत रिवायंडिंगला द्यायला सांगितली. बाकीचे तीन माग लगेच चालू करून दिले, तेव्हा कुठे धाकट्यांच्या कपाळावरची आठी गेली.

पण मोटर गळणं हा निम्मा दोष. चांगली अर्थिंग असती तर गळती सरळ जमिनीत गेली असती, फार झालं तर फ्यूज उडाला असता, शेजारच्या नळात आली नसती. वाटणी झाली तेव्हा घरं वाटली, मीटर वाटले, परसातला अर्थिंगचा खड्डा मात्र एकच राहिला होता, वडिलांच्या वेळचा. दोन्हीकडच्या तारा त्यालाच. मी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या मागोमाग परसाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तार मातीत शिरत होती तिथे धरून ओढली आणि ती हातभर वर आली, तशीच, काहीही जोर न लावता. टोक गंजून सुईसारखं बारीक झालेलं. पाइपाशी तिचा संबंध कधीच सुटला होता. दोन घरांच्या अर्थिंगच्या तारा एकमेकींना जोडलेल्या होत्या, फक्त जमिनीला जोडलेल्या नव्हत्या.

खड्डा नवा घ्यायचा ठरला, आणि लगेच भांडण लागलं, अर्थात माझ्यामार्फत. धाकटे म्हणाले, माझा खड्डा माझ्या जागेत. थोरले म्हणाले, त्याच्या खड्ड्याला माझी तार नको. दोन वेगळे खड्डे घ्यायचे तर त्यांत निदान पाइपाच्या लांबीइतकं तरी अंतर असावं लागतं. इथे शास्त्र आणि भाऊबंदकी यांचं एकमत झालं. परसाच्या दोन टोकांना दोन खड्डे घेतले, अडीच-अडीच मीटरचे जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. मागांच्या बोर्डाला चार पोलची, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल ताडून बघणारी, आरसीसीबी बसवायला सांगितली. पहिल्या खड्ड्याची तार जोडून प्लगमध्ये पुन्हा मीटर घातला: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग दोन्ही २३०.

वहिनींनी विचारलं, “मग पयला गिझर चांगलाच हुता?”

“चांगला होता.”

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ते पाळीची वेळ झाली म्हणून डबा घेऊन निघालेच होते, ते जरा लवकरच निघाले.

मी सामान आवरत होतो तेवढ्यात धाकट्यांनी हाक मारली. गिझरचे मिस्त्री आलेच आहात तर आमचाही बघून जा, ज्योत नीट लागत नाही. त्यांच्याकडे गॅस गिझर, तोही न्हाणीच्या आत. न्हाणी चार बाय पाचची, आणि एक झरोका होता तो थंडी येते म्हणून प्लायवूड ठोकून बंद केलेला. गिझर लावून बघितला. ज्योत निळी हवी ती पिवळी, वरच्या पत्र्यावर काजळी. म्हणजे गॅस पुरता जळत नव्हता आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत होता. त्याला रंग नाही, वास नाही, आंघोळ करणाऱ्याला नुसती गुंगी आल्यासारखं वाटतं आणि कडी आतून लावलेली असते.

“इथं आंघोळ कोण करतं?”

“सगळीच. आई सगळ्यात शेवटी, पाणी भरपूर घेते.”

“डोकं दुखतं का त्यांचं?”

आतून आजीच म्हणाल्या, “न्हाल्यावर दुखतंय बाबा. वय झालं.”

त्यावर मी चर्चा केली नाही. सिलिंडरचा कॉक बंद केला, गिझरच्या खालच्या खणातले दोन्ही सेल काढले. ते नसले की ठिणगी पडत नाही आणि गिझर पेटत नाही. धाकटे म्हणाले, अहो पण आई उद्या आंघोळ कशी करणार? मी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून उत्तर आलं: “हिकडं पाठवा त्यांना. आता करंट न्हाई.”

धाकटे भिंतीकडे बघत राहिले, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी दोन वेगळी बिलं लिहिली, गॅस गिझर न्हाणीतून काढून परसातल्या भिंतीवर लावायचं काम दुसऱ्या दिवसावर ठेवलं. सेल माझ्या बॅगेतच घेऊन गेलो.